उंटावरून उतरल्यावर

‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला असतो. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, गुण दोन. मी मात्र या वाक्प्रचाराचा उपयोग वाक्यात न करता नोकरीत केला, आणि तोही चांगला तीस वर्षे.

मी पशुवैद्य. नोकरीतला मोठा काळ बीड जिल्ह्यात गेला. गायीम्हशींची दुखणी काढावीत, लसी टोचाव्यात, कागद रंगवावेत, आणि वर्षातून दोन-चारदा कुठल्या तरी पशुप्रदर्शनात परीक्षक म्हणून मिरवावे, असा क्रम होता. परीक्षकाचा थाट काय वर्णावा! छातीवर रेशमी बिल्ला, हातात फळी, फळीवर गुणांचा तक्ता, मागे दोन शिपाई आणि पुढे गर्दी हटवणारा कोतवाल. आपण नुसते बोट दाखवावे आणि एखाद्याच्या जनावराच्या शिंगाला गुलाल लागावा. उंट नव्हता एवढेच. पण उंची तीच.

त्या उंटावरून मला एका बारा वर्षांच्या मुलाने खाली उतरवले. ती हकीगत आज सांगायची आहे. पण तिची चव कळायची, तर आधी प्रदर्शन म्हणजे काय आणि शेळी म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. शहरातल्या आपल्या मंडळींची आणि शेळीची गाठ फार तर बकरी ईदच्या आधी रस्त्याच्या कडेला पडते. त्यापलीकडे ओळख नाही.

मराठवाड्यात जनावरांची मोठी जत्रा म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची. मार्गशीर्षात भरते. घोडे येतात, गाढवे येतात, लाल कंधारी आणि देवणी जातीचे बैल झुली पांघरून येतात. अलीकडे राज्यपातळीवरही मोठी प्रदर्शने भरली. 2019 साली जालन्याला, 2023 साली शिर्डीला. या सगळ्यांत मान असतो तो वळूचा, बैलाचा, फार तर मुऱ्हा रेड्याचा. शेळीचा मांडव शेवटी, पाण्याच्या टाकीपलीकडे. पाहुणे तिथे पोचेपर्यंत ऊन झालेले असते आणि चहा थंड.

खरे पाहता महाराष्ट्रात शेळ्या थोड्याथोडक्या नाहीत. 2019 च्या पशुगणनेत राज्यात 1 कोटी 6 लाखांच्या आसपास भरल्या. बीड, लातूर आणि पूर्वीचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, हा सारा पट्टा ज्या शेळीचा, तिचे नाव उस्मानाबादी. चारांपैकी तीन तरी काळ्याभोर. उरलेल्या कुठे तपकिरी, कुठे ठिपक्यांच्या. अंगाने बेताची, तीस-पस्तीस किलोंची. दिसायला जमनापारीसारखी ऐटबाज नाही. पण हिचा गुण असा, की बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि बांधावरचे चार काटे एवढ्या भांडवलावर ती उभी राहते, आणि पुष्कळ वेळा जुळी देते. पोटात पाच महिने. त्यामुळे नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते होतात. तीन वेतांची सहा करडे धरा, एखादे दगावले म्हणून सोडून द्या, पाच उरली. मुदतठेवीला असे व्याज कुठे मिळाले तर मला अवश्य कळवा.

गावात पोरांच्या हाती शेळी येते ती बहुधा ‘अर्धली’ने. कुणी शेजारी, कुणी आत्या आपली पाठ, म्हणजे न व्यालेली तरुण शेळी, पोराच्या स्वाधीन करते. चारायचे, पाणी दाखवायचे, रात्री आत बांधायचे काम पोराचे. होणारी करडे निम्मी-निम्मी. करार तोंडी, साक्षीदार गल्ली. पहिल्या वेताची दोन करडे झाली, की एक पोराचे. तेव्हापासून ते पोर ‘मपली शेळी’ म्हणते. बीडकडे ‘माझी’ला ‘मपली’ म्हणतात. त्या शब्दात जो मालकीचा ठसका आहे, तो आपल्या सातबाराच्या उताऱ्यातही नाही.

आता ती हकीगत.

साल 2007, महिना फेब्रुवारी. अंबाजोगाई तालुक्यात बालाघाटच्या डोंगरकडेला एक लहानसे गाव. तिथल्या शाळेच्या पटांगणावर शेळ्यांचे प्रदर्शन होते. चुन्याने आखलेले चौकोन, चौकोनात खुंटे, खुंट्यांना शेळ्या, शेळ्यांच्या गळ्यात पुठ्ठ्याचे नंबर. हे नंबर शेळ्या एकमेकींचे खात होत्या, त्यामुळे गोंधळ बराच होता. मी फळी घेऊन फिरू लागलो.

शेळी पाहण्याची आमची रीत ठरलेली असते. आधी तोंड उघडून दात पाहायचे. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ मोजायचे. सगळे दुधाचे असले तर वय वर्षाच्या आत-बाहेर. दोन पक्के आले तर सव्वा-दीड वर्ष. चार आले तर दोनच्या पुढे. आठही जुळले की चार वर्षांची घरंदाज बाई. मग पाठीवरून हात फिरवायचा, पाय सरळ पडतात का पाहायचे, कास आणि सड चाचपायचे, केसांची चमक बघायची, आणि गुण मांडायचे.

पहिला नंबर द्यायला मला फारसा विचार करावा लागला नाही. एक काळी शेळी अशी देखणी होती, की उन्हात आरशासारखी चमकत होती. शिंगांना तेल, गळ्यात घुंगरू, पाठ टेबलासारखी सपाट. मालक चांगला खाऊन-पिऊन सुखी. शेळीला मका आणि शेंगदाण्याची पेंड चारत असल्याचे त्याने आपणहून सांगितले. तिच्यापासून चार खुंटे सोडून एक हडकुळी शेळी उभी होती. पाठीचा कणा हाताला लागत होता, केस राठ, कास ओघळलेली. तिच्या पायांत दोन करडे लुडबुडत होती आणि बाजूला एक पोर उकिडवे बसले होते. मी तिच्यावरून नजर फिरवली, शंभरांपैकी पस्तीस गुण टाकले आणि पुढे सरकलो.

गुलाल लागला, टाळ्या झाल्या. मी बिल्ला सोडवत होतो, तेवढ्यात ते पोर जवळ आले. मागे त्याची आजी, डोक्यावरचा पदर सावरत.

“सायेब, एक इचारू का?”

“विचार की.”

“त्या पैल्या नंबराच्या शेळीला पिल्लं किती हायेत?”

मी मालकाकडे पाहिले. मालकाने शेळीकडे पाहिले. शेळी पाला खात होती. अखेर तो म्हणाला, “दोन वर्सं झाली, उलटती हो. ठरना झालीया.”

म्हणजे माझी पहिल्या नंबराची सुंदरी भाकड होती! पोटात गर्भ नाही, कासेत दूध नाही; पेंड खाऊन अंग धरेल नाही तर काय होईल? आणि ती हडकुळी? मी परत जाऊन तिची दोन करडे उचलली. तीन महिन्यांची, हाताला भरीव, डोळे लखलखीत. आईने आपल्या अंगावरचे उतरवून त्यांच्या अंगावर चढवले होते. दोन लेकरे पाजणारी आई जाडजूड कशी राहील, हे मला पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवले होते. मी ते परीक्षेत लिहिलेही होते. पटांगणावर मात्र विसरलो.

“लिवलेलं बी हाये,” म्हणत पोराने सदऱ्याच्या आतून एक चौरेघी वही काढली. पहिल्या पानावर ‘मपल्या शेळ्या’ असे शीर्षक. खाली ओळी: शेळी कधी फळली, कुठल्या बोकडाकडून, कधी व्याली, किती करडे, त्यांत बोकड किती, पाठी किती, लस कधी टोचली. काळ्या शेळीची तीन वेते, तिन्ही वेळा जुळी, सहांपैकी पाच जिवंत. आईची आईसुद्धा जुळी देणारी, हे आजीच्या सांगण्यावरून नोंदलेले. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या तर पानाला वीस. पण अशी वंशावळ मी सरकारी कचेरीतल्या पुष्कळ नोंदवह्यांतही पाहिली नव्हती.

निकाल फिरवणे शक्य नव्हते. गुलाल लागला होता. मी पोराची पाठ थोपटली आणि जीपमध्ये बसलो. पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

वाचकहो, आपण म्हणाल, एका शेळीचा नंबर चुकला, त्यात एवढे काय? त्यात काय आहे ते सांगतो. ते सांगायचे तर बोकडाकडे वळले पाहिजे.

ज्याला पैशाची नड आहे, तो आधी काय विकतो? जे लवकर वाढले ते. करडांमध्ये जो बोकड सगळ्यांत तेज, सगळ्यांत उंच, सगळ्यांत वजनदार, त्याला गिऱ्हाईक पहिले. बकरी ईदला तो जातो, आषाढातल्या जेवणावळींना तो जातो, नाही तर पोरीच्या लग्नाच्या खर्चापायी तो जातो. मागे उरतो कोण? जो विकला गेला नाही तो. खुरटा, रोगट, उशिरा वाढलेला. आणि गावातल्या शेळ्या फळतात त्या यालाच! एका बोकडामागे वीस-पंचवीस शेळ्या धरल्या, दोन वर्षांत प्रत्येकीची तीन वेते, आणि वेताला सरासरी दीड करडू म्हटले, तरी एका बोकडाची शंभरावर लेकरे गावात हिंडू लागतात. चांगली शेळी एका घराचे भले करते. वाईट बोकड साऱ्या गावाचे नुकसान करतो. त्यातून तोच बोकड वर्षानुवर्षे ठेवला, तर आपल्याच लेकींना भेटतो आणि करडे आणखी दुबळी निपजतात. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या उत्तमाला बाजार दाखवतो आणि निकृष्टाला घर देतो. शेतकरी जोंधळ्याचे कणीस बियाण्यासाठी निवडताना असे करील का? तिथे तो पहिले भरदार कणीस बाजूला काढून ठेवतो.

मग प्रदर्शनाचा उपयोग कशासाठी? पेंड चारलेल्या भाकड शेळीला गुलाल लावण्यासाठी, की जुळ्या वेताच्या आईचा तेज बोकड आणखी दोन वर्षे गावात राहावा यासाठी? आणि ते काम करणार कोण? मोठ्या माणसाला नड असते. पोराला नड कळत नाही असे नव्हे. पण त्याला बोकडाचा लळा असतो, आणि वही लिहिण्याइतकी शाळा त्याच्या पोटात गेलेली असते. मला वाटले, धागा इथे सापडला.

जरा बाहेर चौकशी केली, तेव्हा कळले की ही कल्पना काही माझ्या डोक्यातून प्रथम निघालेली नाही. अमेरिकेत 1902 साली ओहायो राज्यातल्या ग्रॅहम नावाच्या एका शाळाप्रमुखाने खेड्यातल्या मुलामुलींचे शेतीमंडळ काढले. अशाच मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ नावाची मोठी चळवळ उभी राहिली. इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या हेमिऑक गावी 1921 साली मुलांना वासरे वाढवायला देऊन तरुण शेतकऱ्यांचे मंडळ सुरू झाले. ‘फोर-एच’च्या जत्रांत मला एक गोष्ट फार आवडली. तिथे एका फेरीत जनावराला गुण नसतातच. जनावर घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला असतात. ते जनावराला कसे चालवते, त्याला काय माहीत आहे, परीक्षकाच्या प्रश्नाला काय उत्तर देते, हे पाहतात. शेवटी पुष्कळ ठिकाणी लिलाव होतो, आणि बक्षीस मिळालेले पोर आपल्या बकऱ्याच्या गळ्यात पडून रडते. रडण्याला भाषा लागत नाही. बीडच्या बाजारात मी ते पुष्कळदा पाहिले आहे.

आपल्याकडेही जाणकारांनी पाया घातलेला होता. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी हाताने काम करून शिकण्याचा अभ्यासक्रम बांधला. त्यात शेती-पशुपालन हा एक भागच आहे. जनावराचे वजन टेपने काढायला मुले त्यात शिकतात. ही रीत मी तिथूनच उचलली. शेळीच्या छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्यानेच गुणायचे, मग अंगाच्या लांबीने गुणायचे आणि तीनशेने भागायचे, उत्तर पौंडात. घेर 28 इंच, लांबी 25 इंच असेल तर 65 पौंड, म्हणजे तीस किलोच्या जरा खाली. अदमासच तो, पण बाजारात व्यापारी शेळी दोन हातांनी उचलून ‘वीस किलोची नाही’ म्हणतो आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतो, तेव्हा ज्या पोराच्या खिशात शिंप्याची टेप आहे, ते पोर सहजासहजी फसत नाही.

फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली स्थापन केलेल्या संशोधन संस्थेने उस्मानाबादी शेळीच्या सुधारणेचे काम केले. माण तालुक्यात चेतना सिन्हांच्या माणदेशी संस्थेने खेड्यातल्या बायकांना शेळ्यांचे कृत्रिम रेतन शिकवून ‘शेळीच्या डॉक्टरणी’ तयार केल्या. आमच्या अंबाजोगाईतही दीनदयाल शोध संस्थानाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण देणे हे अशा केंद्रांच्या नेमून दिलेल्या कामांपैकीच एक. शिवाय शेळी-मेंढी विकासाचे जे राज्याचे महामंडळ 1978 साली पुण्यात निघाले, त्याचे एक प्रक्षेत्रही अंबाजोगाईला आहे. सरकारी योजनाही आहेत. दहा शेळ्या आणि एक बोकड यांचा गट अनुदानावर मिळतो. पण तो मिळायला वय अठराच्या पुढे लागते, आणि शेळीचा लळा तर आठव्या वर्षी लागतो. मधल्या दहा वर्षांचे काय?

मी त्या गावच्या हेडमास्तरांना गाठले. गृहस्थ उत्साही होते. आम्ही दोघांनी मिळून पुढच्या वर्षीसाठी केवळ शाळकरी मुलामुलींचे प्रदर्शन ठरवले आणि गुणांचा तक्ता नव्याने मांडला. शंभरांपैकी चाळीस गुण शेळीने जगवलेल्या करडांना. पंचवीस वहीला आणि तोंडी प्रश्नांना. वीस, पोर शेळीला कसे हाताळते त्याला. आणि दिसण्याला फक्त पंधरा. बोकडाचे बक्षीस दोन हप्त्यांत: निम्मे आज, निम्मे पुढच्या वर्षी, बोकड गावात हजर असेल तर. दोन वर्षे झाली की तो शेजारच्या गावाला द्यायचा आणि त्यांचा आपण घ्यायचा. बक्षिसाची रक्कम आम्ही दोघांनी आणि गावच्या किराणा दुकानदाराने मिळून उभी केली. फार नव्हती, पण बोकड विकण्याच्या मोहाला काही काळ लगाम बसेल इतकी होती.

2008 च्या फेब्रुवारीत ते प्रदर्शन झाले. मौज पुष्कळ झाली. एका सद्गृहस्थांनी आपली शेळी पुतण्याच्या नावावर उभी केली. हेडमास्तरांनी पुतण्याला विचारले, “करडं कधी झाली?” पुतण्या म्हणाला, “दिवाळीत.” करडे जेमतेम वीस दिवसांची होती. मी म्हटले, “दावे सोड आणि हाक मार.” पुतण्याने हाक मारली, शेळी सरळ गर्दीतून काकांकडे निघून गेली. सारे पटांगण हसले. काकाही हसले आणि शेळी घेऊन घरी गेले.

पण माझे डोळे शोधत होते ते त्या वहीवाल्या पोराला. तो नव्हता. त्याची आजी मात्र आली होती. ती काळी शेळी, तिची नवी दोन करडे, आणि मागच्या वर्षीचे करडू, जे आता दांडगा तरुण बोकड झाले होते, एवढा लवाजमा घेऊन.

“नातू कुठाय आजी?”

“कारखान्यावर गेलाय, साहेब.”

कारखान्यावर, म्हणजे ऊसतोडीला. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे, की आपल्या घरी जेव्हा दिवाळीचे फराळ संपत आलेले असते, तेव्हा या जिल्ह्यातून माणसांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पाचेक महिने उसाच्या फडात. लहान भावंडे सांभाळायला मोठे पोर लागते, म्हणून शाळेतले पोर जाते. निघताना शेरडे सांभाळायला माणूस उरत नाही, म्हणून ती विकायची. आणि हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, म्हणून भाव पाडून विकायची. ज्या बोकडाला वर्षभर काळजीने वाढवले, तो नेमका दसऱ्याच्या आगेमागे मातीमोल जातो. त्या वर्षी या घरी नवे मूल झाले होते, म्हणून पोराला नेले होते. आजी मागे राहिली, म्हणून शेळ्या राहिल्या.

“वही कुठाय?” मी विचारले.

“वही त्याच्या दप्तरात, अन् दप्तर त्याच्यासंगं. मला कुठं लिवता येतंय? पर त्यानं जाताना सांगितलंय, आजे, काई बी चुकवू नगंस.” असे म्हणून तिने कमरेची एक सुतळी काढली. सुतळीला गाठी होत्या. एका वेताला एक गाठ. जुळे असले तर गाठीवर गाठ. बोकडाच्या गाठीत काळी चिंधी अडकवलेली. लस टोचल्याची खूण म्हणून मध्येच बाभळीचा काटा ओवलेला. दोन महिन्यांपूर्वी एक करडू दगावले होते. तिथे सुतळी जाळून काळी केली होती.

हेडमास्तर आणि मी एकमेकांकडे पाहिले. नियम आम्हीच केला होता: मुलाने स्वतः हजर पाहिजे, वही पाहिजे. नियम मोडावा, तर उद्या सगळे काका येतील. पाळावा, तर गेल्या वर्षीची माझी चूक पुन्हा होईल. शेवटी हेडमास्तरांनी तोड काढली. बोकडाला पहिला क्रमांक द्यायचा, पण बक्षीस शाळेच्या कपाटात ठेवायचे. पोराने परत येऊन सुतळी वहीत उतरवली, की त्याच्या हाती द्यायचे.

आजीला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, “मंग शाळंला यायलाच पायजे की त्याला.” आणि व्यापारी तीन वेळा दारात येऊन गेला, तरी आपण बोकड सोडला नाही, हे तिने मला दोनदा ऐकवले.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते कुटुंब परतले. पोर शाळेत आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत हेडमास्तरांनी शाळा उघडून दिली, आणि आजी एकेक गाठ उलगडून सांगत होती, नातू लिहीत होता. मी मुद्दाम गेलो होतो. कार्तिकापासून कोऱ्या राहिलेल्या वहीतल्या जागा एका दुपारी भरून निघाल्या. शाळेच्या हजेरीपटातल्या तेवढ्याच महिन्यांच्या रिकाम्या चौकोनांचे मात्र काही करता आले नाही. ते तसेच राहिले.

पुढच्या दिवाळीनंतर पोर गावातच राहिले. हे आमच्या बक्षिसाने झाले, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण ते खरे नव्हे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे असतात. मूल आजी-आजोबांजवळ राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेकडून होते. ती सोय त्या वर्षी त्या गावात झाली. बोकडाच्या दुसऱ्या हप्त्याने फार तर तराजूच्या त्या पारड्यात एक मूठ टाकली असेल. एवढेसुद्धा पुष्कळ आहे असे मला वाटते.

आमचे ते प्रदर्शन पाच वर्षे चालले. मग हेडमास्तरांची बदली झाली, माझीही झाली, आणि ते बंद पडले. अशा गोष्टी माणसांवर चालतात आणि माणसांबरोबर जातात, ही आपली जुनी रड आहे. पण निवृत्त झाल्यावर मी एकदा त्या वाटेने गेलो, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. त्या गावाची आणि शेजारच्या गावाची बोकडांची अदलाबदल चालूच आहे. कुणी बक्षीस देत नाही, तरी चालू आहे. आणि तो वहीवाला आता बापई गडी झाला आहे. दोन लेकरांचा बाप. पंधरा-वीस शेरडे आहेत. ज्या वर्षी पाऊस बरा होतो त्या वर्षी तो गावात राहतो. दुष्काळ पडला की अजूनही कोयता उचलतो. शेळीने त्याला श्रीमंत केले नाही. तीन वर्षांतून दोन वर्षे घरी ठेवले, एवढेच. ज्याने कधी फडात कुडाच्या खोपीत थंडी काढलेली नाही, त्यालाच हे ‘एवढेच’ वाटेल.

माझी वाचकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी कुणी बँकेत असेल, कुणी पंचायत समितीत, कुणी रोटरीसारख्या मंडळात. कुणाच्या गावच्या जत्रेत अजून प्रदर्शन भरत असेल. तिथे चार खुंटे मुलांसाठी राखून ठेवायला सांगा. देखण्या जनावराला फेटा बांधायचा तर बांधा. पण एखादे बक्षीस वहीलाही असू द्या, आणि ते दोन हप्त्यांत द्या. आणि योगेश्वरीच्या किंवा परळीच्या वैजनाथाच्या दर्शनाला जाताना वाटेत शेळ्यांचा कळप आडवा आला, तर मोटारीचा कर्णा वाजवण्याआधी काच खाली करून मागून येणाऱ्या पोराला विचारा, “काय रे, पिल्लं किती?” तो थांबेल आणि सांगेल. पुष्कळ वेळ सांगेल; तेव्हा घाईत असाल तर विचारू नका.

त्याच भेटीत मी त्या बापई गड्याला विचारले, “ती सुतळी काय झाली रे?” तो आत गेला आणि देव्हाऱ्याच्या खिळ्यावरून ती काढून घेऊन आला. आजी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. सुतळीला तिने मारलेल्या गाठींच्या खाली आणखी काही गाठी दिसल्या. मी म्हटले, “या कुणी मारल्या? तुला तर लिहिता येतं.”

“पोरीनं,” तो म्हणाला. “चार वर्षांची हाये. अजून शाळंत घातली न्हाई तिला.”